घाम सुटलेली फुलदाणी

१

चाळीस फुलदाण्या पेट्यांत निजलेल्या आणि एकटी एकच काय ती खिडकीपाशी जागी, अशी त्या खोलीची रीत होती. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी सकाळी नऊ वाजता घर सांभाळणाऱ्या मावशीने दार ढकलले, तेव्हा ती रीत घालून देणारा मनुष्यच जमिनीवर निश्चेष्ट पडलेला होता.

तो मनुष्य म्हणजे निवृत्त नेत्रवैद्य. सारे त्यांना नुसते ‘डॉक्टर’ म्हणत. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांनी जे मिळवले, ते हयात जपानी कलावंतांच्या हातच्या फुलदाण्यांवर उधळले. त्यांचे डोके खिडकीच्या दगडी कठड्याशी होते. घडीची शिडी आडवी पडली होती. शेजारी एक पांढरट लाकडाची पेटी उघडी होती, आणि सभोवार तांबूस मातीच्या ठिकऱ्या विखुरल्या होत्या.

फुटकी भांडी सांधणाऱ्या डिंकमामांना डॉक्टरांच्या लेकीने दुपारी बोलावून घेतले. मामांचे खरे नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवरही उरले नव्हते. ते आले तेव्हा प्रेत हलवलेले होते. मावशी गुडघ्यांवर बसून खिडकीतल्या चौरंगाखालचे पाणी पुसत होती. चौरंगावर एक राखाडी फुलदाणी होती आणि तीत एक हिरवी फांदी मान टाकून वाकली होती. मामांच्या मनात कुठेतरी काही खुपले; परंतु समोर ठिकऱ्या असताना सांधणाऱ्याचे लक्ष अन्यत्र टिकत नाही.

“मामा, एकही तुकडा केरात जाता कामा नये,” लेक म्हणाली. तिचे डोळे कोरडे आणि लाल होते. “बाबांची शेवटची खरेदी ही. तुम्हीच बघून, खरी आहे म्हणून सही करून दिली होतीत ना?”

“हो, ताई. सहा महिने झाले.”

“पेटी परत वर ठेवायला चढले असणार. शिडीच्या दोन पायांमधली कडी लावलेली नव्हती. पाय फाकले आणि...” ती मावशीकडे वळली. “एवढं एकच काम होतं ना गं तुझं? जाताना कडी लावायची! बावीस वर्षं!”

मावशीच्या हातातले फडके थांबले. “मी लावते, ताई. दोनदा हलवून बघते. पण शनिवारी... शनिवारी मला आठवतच नाही हो. नसेल लावली. मीच मारलं त्यांना.”

दाराशी उभ्या असलेल्या तपास करणाऱ्या अधिकारीबाईंनी वही मिटली. “ताईंनी तक्रार दिली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं काही पुढे आलं नाही, तर यांना ताब्यात घ्यावं लागेल. आणि कबुली तर त्या स्वतःच देतायत.”

मामांनी खाली वाकून एक ठिकरी उचलली. ती बुडाची होती, अंगठ्याएवढी जाड. आणि ती हाताला गार लागली.

२

फुटलेली ठिकरी खोलीइतकीच उबदार असते. ही गार का, याचा विचार करीत मामांनी खिशातली पक्कड काढली आणि त्या जाड तुकड्याचा कोपरा मोडला.

“अहो, आणखी फोडताय काय?” आतल्या खोलीतून आलेला डॉक्टरांचा पुतण्या ओरडला.

“गाभा बघतोय.”

कडा वाळून फिक्या झाल्या होत्या. परंतु गाभा काळपट, ओलसर होता. या फुलदाणीने पोटभर पाणी प्यायलेले होते. बिनझिलईच्या फुलदाणीत फांदी घालण्यापूर्वी ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवावी, हा या छंदातला पहिला नियम. आणि ओली फुलदाणी आठवडाभर सुकवल्यावाचून पेटीत घालू नये, हा दुसरा. पेटीला बुरशी लागली तर झाकणाच्या आत कलावंताने स्वहस्ते कुंचल्याने लिहिलेली अक्षरे जातात. डॉक्टरांनी औषध घ्यायला एखादे वेळी कंटाळा केला असेल, पण हा नियम कधी मोडला नव्हता.

मग ओली फुलदाणी पेटीत घालून ते शिडी चढले कशाला?

मामांनी पेटी उचलून चारही कोपरे न्याहाळले. हे लाकूड इतके मऊ असते की नखाचासुद्धा वण पडतो. शिडीवरून खाली आलेल्या पेटीचा एक कोपरा तरी चेपायला हवा होता. चारही कोपरे धड होते. आतले पिवळे कापड कोरडे होते आणि त्यात मातीचा एक कणही नव्हता.

“रविवारी तुम्ही आला होतात?” त्यांनी पुतण्याला विचारले.

“जेवायला. एक वाजता. का, माझ्यावर संशय आहे का? सगळे म्हणतातच, ही मडकी काका मला देऊन जाणार म्हणून. मला द्यायची काय गरज? ठेवू कुठे? माझ्या दोन खोल्यांत मलाच एका कुशीवर झोपायला लागतं.”

“काका कसे होते?”

पुतण्याचा आवाज उतरला. “गप्प होते. माझ्याशी बोलायच्या ऐवजी त्या चौरंगापुढे बसून होते. हातात फडकं. ‘हिला घाम येतोय,’ म्हणाले. मी म्हटलं, काका, भांड्याला कसला घाम? तर म्हणाले, ‘तेच मी हिला विचारतोय.’”

“कोणती फुलदाणी होती? ही राखाडी?”

“ते मला नका विचारू मामा. मला सगळ्या सारख्याच. मातीच्या.”

मामा चौरंगाशी गेले. राखाडी फुलदाणी त्यांनी दोन्ही हातांनी वर उचलली आणि तिच्या बुडाखाली बोट फिरवले. बोटावर थेंब आला. मघाशी जे खुपले होते, ते आता त्यांच्या अंगावर काट्यासारखे उभे राहिले. कारण या फुलदाणीला ते ओळखत होते.

३

“मावशी, शनिवारी जाताना कोणती काढून ठेवली होतीस?”

मावशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिने स्वतःचे कपडे एका पिशवीत भरून ठेवले होते. कोठडीत काय काय नेऊ देतात हे विचारायला तिला लाज वाटत होती.

“नवी. फुटली ती. खिडकीत बसायचा तिचा नंबर पहिल्यांदाच लागला होता. मीच बादलीत बुडवून गेले. डॉक्टर म्हणाले, उद्या हिला पहिलं पाणी दाखवायचं.”

“मग चौरंगावर राखाडी कशी?”

“बदलली असेल त्यांनी. तेच तर म्हणतायत ना सगळे. ती वर ठेवली, ही खाली काढली... मामा, मला काही सुचत नाही. तुम्ही कशाला मला सोडवायच्या मागे लागताय? कडी माझीच होती.”

“राखाडीच्या बुडाला काय आहे, ठाऊक आहे ना तुला?”

मावशीने मान वर केली. तिचे ओठ किंचित उघडे राहिले. “चीर. केसासारखी. तुम्ही आतून भरून दिलीत, आणि सांगितलंत, वाळलेली काडी चालेल, पण पाण्याचा थेंब नको.” तिचा हात तोंडाकडे गेला. “पण तीत तर पाणी होतं! खाली गळलं होतं. मीच पुसलं!”

“डॉक्टर घालतील?”

“विष पितील, पण तिच्यात पाणी नाही घालणार.”

“आणि पेट्यांच्या फिती कोण बांधतं?”

“मीच. दोन वर्षं झाली. त्यांचे हात कापतात, साधं बटण लागत नव्हतं. ती तुमची झोकदार गाठ काही मला जमली नाही. मी आपली बुटाच्या नाडीसारखी बांधते. डॉक्टर चिडवायचे, म्हणायचे, माझ्या फुलदाण्या शाळेत निघाल्यात.”

बोलता बोलता ती हसली, आणि त्या हसण्याचीच तिला इतकी शरम वाटली की तिने पदर तोंडावर ओढला.

मामा पुन्हा त्या खोलीत आले. पेट्यांच्या फळ्या छतापर्यंत गेल्या होत्या. शिडी आता भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांनी ती उघडली, कडी लावली, दोनदा हलवून पाहिली आणि चढले. एकेका फितीवरून त्यांची नजर फिरत गेली. बुटाची नाडी. बुटाची नाडी. बुटाची नाडी. वरून दुसऱ्या फळीवर, अगदी डाव्या टोकाला, राखाडी फुलदाणीची पेटी होती. तिच्यावरची गाठ चपटी होती. फितीला कुठेही पीळ नव्हता, दोन्ही फासे एकाच बाजूला नेमके निजवलेले होते. ही गाठ जपानातून हा व्यापार करणाऱ्यांच्या हाताला चिकटून येते, आणि एकदा चिकटली की सुटत नाही.

मामांनी त्या पेटीला हात लावला नाही. ते तसेच उतरले.

खाली अधिकारीबाई उभ्या होत्या. “मामा, शवविच्छेदनाचा कागद आला. मार एकच. कठड्याचा. पण लगेच गेले नाहीत ते. अर्धा तास तरी जीव होता.”

४

मंगळवारी सकाळी डिंकमामा आपल्या दुकानाच्या बाकावर बसले होते. ठिकऱ्या रात्रभर सुकून खडखडीत झाल्या होत्या.

भांडे कितपत भाजले आहे हे ओळखण्याची सांधणाऱ्यांची एक जुनी खूण आहे. कोरड्या ठिकरीची फुटलेली कड जिभेला लावावी. दहा दिवस लाकडाच्या भट्टीत तापलेली माती दगड झालेली असते. ती जिभेची दखलही घेत नाही. कच्ची भाजलेली माती मात्र तहानलेली असते, ती जीभ धरून ठेवते.

मामांनी ठिकरी जिभेला लावली. ती चिकटली.

दुसरी लावली. तीही चिकटली. मग तिसरी. तीही.

फुलदाणी नकली होती. कुणीतरी जवळपासच्या भट्टीत उरकून, वरून राखेचे ओघळ रंगवून ती खऱ्या पेटीत घातली होती. आणि ज्या कागदाच्या भरवशावर डॉक्टरांनी ती घरात घेतली, त्या कागदावर सही डिंकमामांची होती.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. ती फुलदाणी विकणारा दलाल समोर बसला होता. दोन कप चहा झाला होता. “मामा, तुमच्या नजरेपुढे आम्ही काय बोलणार!” असे तो म्हणाला होता. मामांनी झाकणाचे अक्षर पाहिले, शिक्का पाहिला, फितीची वीण पाहिली, आणि ‘व्वा’ म्हणाले होते. भांडे त्यांनी हातात घेतले होते, पण पाहिले नव्हते. बुडाची उघडी माती जिभेला लावायचे त्या दिवशी त्यांना दलालासमोर गावंढळपणाचे वाटले होते.

आता दोन रस्ते होते. ठिकऱ्या सांधून, कडा बुजवून, परत देऊन टाकायच्या. मग जिभेला लावायला एकही कड उरणार नव्हती. त्यांचे नाव राहिले असते, आणि मावशी आपली पिशवी घेऊन गेली असती. किंवा दुसरा.

मामांनी ठिकऱ्या रुमालात बांधल्या आणि दलालाचे दुकान गाठले.

दलालाचा चेहरा सुतकी होता. नुकत्याच आलेल्या एका पेटीला तो बोलता बोलता दोन्ही हातांनी उचलत होता, एक हात खाली, एक बाजूला, तान्ह्या मुलाला घ्यावे तसा. “गेला हो आपला माणूस,” तो म्हणाला. “रविवारी दोन वाजता फोन आला होता त्यांचा. चारला या म्हणाले. मी गेलो, बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. तेव्हा आत ते... विचारच करवत नाही.”

“कशाला बोलावलं होतं?”

“आता कुणाला विचारणार?” दलालाने डोळे पुसले. मग हलकेच म्हणाला, “ती फुटली ती सांधणार आहात का मामा? सांधून टाका. कधी फुटली होती असं वाटू नये अशी. म्हणजे तुमचंही नाव राहील.”

‘तुमचंही’ हा शब्द त्याने जरा जास्त मऊ उच्चारला होता. मामांना कळले की आपल्याला विकत घेतले जात आहे, आणि भाव आपल्याच सहीचा आहे.

“चार वाजता या,” मामा म्हणाले. “डॉक्टरांच्याकडे. ताईंना सगळ्या संग्रहाचा अंदाज काढायचाय. तुमच्याशिवाय कोण?”

५

चार वाजता त्या खोलीत लेक होती, पुतण्या होता, अधिकारीबाई खिडकीशी होत्या, आणि मावशी दारात, पिशवी पायाशी ठेवून उभी होती. दलाल सर्वांना हात जोडून आत आला.

“सुरुवात वरून करू,” मामा म्हणाले. “माझे गुडघे आता चढू देत नाहीत. वरून दुसरी फळी, डावं टोक. तेवढी पेटी उतरवता?”

दलाल शिडीवर चढला. उजव्या हाताने फळीची कड धरून त्याने डाव्या हाताने ती पेटी ओढली, बोटांच्या चिमटीत धरली आणि खाली उतरू लागला.

“थांबा!” मामा म्हणाले.

तो तिसऱ्या पायरीवर थांबला.

“सत्तावीस वर्षं तुम्हाला बघतोय मी. तुम्ही पेटी एका हाताने उचललेली मी कधी पाहिली नाही. सकाळी तुमच्या दुकानातसुद्धा नाही. आत फुलदाणी असली की तुमचा दुसरा हात आपोआप बुडाखाली जातो.” मामांचा आवाज अगदी शांत होता. “ही रिकामी आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?”

दलालाने हातातल्या पेटीकडे पाहिले, जणू तीच चहाडी करीत होती.

“हलकी लागली,” तो म्हणाला.

“उचलल्यावर लागेल. तुम्ही तर उचलायच्या आधीच एक हात फळीला दिलात. आणि गाठ बघा. या खोलीतल्या बाकी एकोणचाळीस गाठी या मावशीच्या, बुटाच्या नाडीसारख्या. ही एकच तुमच्या धंद्यातली. डॉक्टरांना बटण लावता येत नव्हतं, ते ही बांधतील?”

“ही गाठ बांधणारे शंभर जण आहेत!”

“पण ते शंभर जण रविवारी चार वाजता इथे बोलावलेले नव्हते.” मामा चौरंगाकडे वळले. “त्या पेटीतली ही राखाडी फुलदाणी तुम्ही काढलीत. चौरंग रिकामा दिसला असता तर फुटलेली फुलदाणी त्यावरचीच, हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं, आणि शिडीवरून पडल्याचा बनाव टिकला नसता. म्हणून राखाडी ठेवलीत, फांदी तीत खोवलीत, पाणी घातलंत. चुकलात तिथेच. हिच्या बुडात चीर आहे, आणि मी ती इतकी बेमालूम बुजवली की तुम्हालाही दिसली नाही. हिला पाणी चालत नाही हे तिघांना ठाऊक होतं. डॉक्टर, मावशी आणि मी.”

“पण का?” लेकीचा आवाज चिरकला. “फुलदाणी का फोडायची?”

मामांनी रुमाल सोडला. एक ठिकरी त्यांनी जिभेला लावली, हात सोडला, आणि ती तशीच लटकत राहिली. पुतण्या हसणार होता, पण मामांचा चेहरा पाहून थांबला. मामांनी ती काढून घेतली.

“खरी असती तर पडली असती. हिला घाम आला, कारण ही कच्ची आहे. डॉक्टरांनी पहिल्यांदा पाणी घातलं आणि त्यांना कळलं. पाण्याने जे एका रात्रीत ओळखलं, ते मला दोन कप चहात ओळखता आलं नाही.”

दलाल उरलेल्या पायऱ्या उतरला आणि सर्वांत खालच्या पायरीवर बसला. पेटी त्याच्या मांडीवर होती.

“खरी वाटेतच फुटली होती,” तो पेटीशी बोलावे तसा म्हणाला. “पेटी शाबूत राहिली. एवढी सुंदर पेटी... टाकवली नाही. मी त्यांना म्हटलं, बदलून देतो, दुसरी देतो. ते म्हणाले, सगळ्यांना सांगणार. कवटाळून बसले होते तिला. मी नुसती ओढली. ते मागे गेले, कठडा लागला, आणि ती माझ्या हातातून... मी मारलं नाही हो त्यांना.”

“ते जिवंत होते,” अधिकारीबाई म्हणाल्या. “अर्धा तास.”

दलाल मांडीवरच्या पेटीची फीत बोटाने सारखी करू लागला.

“त्या अर्ध्या तासात तुम्ही कुणाला हाक मारली नाहीत,” मामा म्हणाले. “शिडी चढलात, पेटी काढलीत, फांदी लावलीत, परत चढून रिकामी पेटी जागेवर ठेवलीत. आणि जाता जाता, फितीला पीळ पडू न देता, गाठ बांधलीत.”

६

दलालाला नेल्यावर अधिकारीबाईंनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक सहा महिन्यांपूर्वीचा. दुसरा आताचा, मामांनी नुकताच लिहून दिलेला.

“हा जुना कागदही खटल्यात जाणार, मामा. वर्तमानपत्रांत येईल. यापुढे तुमच्या सहीला...”

“किंमत राहणार नाही. ठाऊक आहे.”

“दुसऱ्यावर थोडं सांभाळून लिहिलं असतंत तरी चाललं असतं.”

“पहिल्यावर सांभाळून लिहिलं असतं तर डॉक्टर असते.” मामांनी दोन्ही कागद त्यांच्याकडे सरकवले.

लेक खिडकीशी पाठमोरी उभी होती. तिला मावशीशी काहीतरी बोलायचे होते हे तिच्या खांद्यांवरून दिसत होते. परंतु बोलण्यासाठी वळावे लागते, आणि तेवढे बळ तिच्यात अजून आले नव्हते. “मामा,” ती तशीच म्हणाली, “इथून जाताना, मी तुम्हाला माफ केलं, असं वाटून घेऊ नका.”

“नाही, ताई.”

दारातून मावशी एक पाऊल पुढे आली. पिशवी अजून तिच्या हातात होती.

“मामा, एक विचारू? गाठ, चीर, ते सगळं कळलं मला. पण कडी? मी लावली होती की नाही, ते कुणीच नाही सांगितलं.”

मामा शिडीकडे वळले.

“तो दोनदा चढला, मावशी. चांगला जाडजूड माणूस, एका हातात पेटी. एकदा काढायला, एकदा ठेवायला. कडी लागलेली नसती तर शिडीचे पाय फाकून तोच खाली पडला असता. कडी त्याने शेवटी उतरून काढली, आणि मग शिडी आडवी केली.” ते मावशीकडे वळले. “तू लावली होतीस. तू इतकी घट्ट लावली होतीस की डॉक्टरांना मारणारासुद्धा त्या शिडीवरून सुखरूप उतरला.”

मावशीने पिशवी खाली ठेवली. तिने त्या शब्दांचा अर्थ दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिला असावा, कारण तिच्या चेहऱ्यावर सुटका उमटली आणि त्याच क्षणी मावळली. मग ती शिडीजवळ गेली, वाकली, आणि कडीला हात घातला.

एकदा हलवून पाहिली. मग पुन्हा एकदा.